गाडी तापते, पण नेमकी कधी?

प्रश्न : काका, नमस्कार. माझी जुनी डिझेल फोर बाय फोर जीप आहे. पोलादपूरहून वाड्यावस्त्यांवर सिमेंट, पत्रे, खताची पोती पोचवतो. हंगामात महाबळेश्वरच्या फेऱ्याही होतात. महामार्गावर महाडपर्यंत साठच्या वेगानं गेलं तर तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही. पण पाच-सहा क्विंटल माल घेऊन आंबेनळी घाटाला लागलो की प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत काटा लालला टेकतो, आणि वर पोचेस्तोवर गाडी पाणी फेकायला लागते. वाडीच्या कच्च्या रस्त्यावर माणसाच्या चालीनं गेलो तरी तेच. एका गॅरेजमध्ये वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला. फरक काही नाही. आता दुसरे मिस्त्री इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवायला सांगतात. दोन वर्षांपूर्वी एसी बसवून घेतलाय, पुढं जाड लोखंडी बंपर आणि चार जादा दिवे आहेत. हेड उतरवू का?
— पोलादपूर तालुक्यातील एक वाचक

उत्तर : नको. अजून नको. तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे, आणि तुमच्या गाडीला हात लावलेल्यांपैकी कुणी ते तुम्हाला विचारलेलं दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वाईला माझं गॅरेज आहे, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. चौतीस वर्षं तापलेल्या गाड्या बघतोय. गाडी दारात आली की बॉनेट उघडण्याआधी मी एकच विचारतो, तापते कधी? हळू चालताना की जोरात पळवताना? जोरात पळवताना तापत असेल तर दोष बहुतेक पाण्याच्या बाजूला असतो. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजलेल्या, पंप कमजोर, नाहीतर खालचा होजपाइप आतून सडून ओढीनं चपटा होणारा. हळू चालताना तापत असेल आणि वेगात थंड राहत असेल, तर आधी हवा बघायची. वेगात वारा आपोआप आत शिरतो. चालीच्या वेगात सगळी भिस्त पंख्यावर. तुमची गाडी महामार्गावर शांत आणि घाटात, वाडीच्या रस्त्यावर बेचैन. म्हणजे हवा.

आणि एसी बसवल्यापासून तुमच्या रेडिएटरच्या पुढं त्याचा कंडेन्सर, म्हणजे एसीची रेडिएटरसारखी जाळी, उभा आहे. त्या दोघांच्या मधे बोटभर फट असते. ती फट पुढून दिसत नाही, मागून दिसत नाही, आणि चिखल, गवताचं कुसळ, पाखरं, पिसं सगळं तिथं जाऊन बसतं. मागच्या पावसाळ्यानंतर एक जीप आली होती. पुढून कंडेन्सर स्वच्छ धुतलेला. आम्ही वरचे बोल्ट सोडून तो चार बोटं पुढं ओढला, तर मधे गोधडीसारखा थर निघाला. भाताचं कुसळ आणि लाल माती, वाळून घट्ट झालेली. सलग पट्टा हातात आला. त्या गाडीला त्याआधी नवा रेडिएटर घेऊन झाला होता.

तेव्हा पहिलं काम हे करा. कंडेन्सर पुढं ओढून घ्या. त्याचे गॅसचे पाइप सोडू नका, तेवढे वाकतात. मग साध्या नळाच्या पाण्यानं इंजिनाकडून पुढच्या दिशेला धुवा, म्हणजे घाण आली त्या वाटेनं परत जाईल. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारलात तर पात्या आडव्या होतात आणि मग तिथून हवा जायची ती कायमची बंद. वाळलेली माती आधी तासभर भिजू द्या.

दुसरं, पंखा. एसी नंतर बसवलेला असला की कंडेन्सरसमोर विजेचा एक वेगळा पंखा लावतात. इंजिन चालू करा, एसी लावा आणि वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या जाळीवर धरून सोडा. पान जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. आमच्याकडे एकदा ते उडून थेट माझ्या छातीवर आलं. त्या पंख्याच्या दोन तारा उलट जोडलेल्या होत्या, तो हवा बाहेर फेकत होता आणि मागचा इंजिनाचा पंखा ती आत ओढायला झटत होता. वेगात वारा दोघांना पुरून उरायचा, म्हणून रस्त्यावर कधी कळलंच नाही. तारांची अदलाबदल केली आणि ती गाडी पसरणी घाट न थांबता चढली. एवढी वर्षं झाली, पण त्या मालकाचा चेहरा मला अजून आठवतो. तीन गॅरेजं फिरून आला होता.

पंख्याभोवतीचं गोल कडं, ज्याला आपण काऊलिंग म्हणतो, ते जागेवर आहे का तेही बघा. एसी बसवताना अडचण होते म्हणून पुष्कळजण ते काढून बाजूला ठेवतात. कडं नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी कडेची तीच ती गरम हवा घुसळत बसतो. पंख्याचा बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला तर दहा-बारा मिलिमीटरच्या आसपास दबावा, त्याहून फार नको. आणि ते जादा दिवे जाळीच्या तोंडावर असतील तर कडेला सरकवा.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झालेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह. तो परत बसवा. ‘तापते? थर्मोस्टॅट काढ’ हा उपाय आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलाय आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. तो साधारण ८२ अंशांना उघडतो. त्याआधी तो पाणी इंजिनातच फिरवून इंजिन लवकर गरम करतो. काही इंजिनांत तो उघडताना मधली आडवाट बंदही करतो. तो काढला की ती आडवाट कायम उघडी राहते, पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाताच मागं फिरतो आणि गाडी उलट जास्त तापते. शिवाय थंडीत इंजिन कधी नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, आतली झीज वाढते. जुना फेकला नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्यानं लटकवा, गॅसवर ठेवा, सोबत थर्मामीटर धरा. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला तर तो चांगला आहे.

रेडिएटरचं झाकण किरकोळ समजू नका, विशेषतः तुमच्यासारख्या घाट चढणाऱ्यानं. पोलादपूरला उघड्या भांड्यातलं पाणी जवळपास १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, तिथं ते ९५-९६ लाच उकळतं. ०.९ किलो दाबाचं झाकण नीट धरत असेल तर वरसुद्धा उकळी ११० च्या बरीच पुढं जाते, आणि अर्धं कूलंट घातलं तर आणखी पुढं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल, स्प्रिंग ढिली असेल, तर जसजसे वर चढाल तसतशी उकळी लवकर येणार. वर पोचेस्तोवर पाणी फेकते असं तुम्ही लिहिलंय, तिथं मला झाकणाचा दाट संशय आहे. स्वस्तातली वस्तू आहे, नवीनच घ्या, मात्र दाबाचा आकडा तोच ठेवा. ओढ्याचं, बोअरचं पाणी घालणं आजपासून बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं.

एवढं सगळं करूनही तापली, तरच हेडकडे वळा. आणि उतरवण्याआधी तपासा. सकाळी गार इंजिनाचं झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच, इंजिन अजून गारच असताना, रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर हेडखालचं गॅसकेट गेलंय. इतक्यांदा लालमध्ये गेलेल्या गाडीत ते शक्य आहे, हे मी लपवणार नाही.

तोपर्यंत घाटात एक गिअर खाली ठेवा. इंजिनाला दम लागेपर्यंत वरच्या गिअरमध्ये ओढत नेलं की भार जास्त आणि पंखा-पंप हळू, असं दुहेरी नुकसान होतं. वाडीच्या मातीच्या चढावर फोर व्हीलचा लो रेंज गिअर टाका, काटा आपोआप खाली येताना दिसेल. कोरड्या डांबरावर मात्र फोर व्हील लावू नका, गिअरबॉक्स आणि एक्सलवर ताण येतो.

काटा चढला तर बाजूला घ्या, एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू, आणि पाणी गेलेलं नसेल तर इंजिन थोडं जास्त आरपीएमवर दोन मिनिटं तसंच चालू ठेवा. वाफ दिसली किंवा पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. झाकण पाऊण तास उघडायचं नाही. शिकाऊ असताना मी फडकं धरून उघडलं होतं. डाव्या हाताची कोपरापर्यंतची कातडी गेली, आणि समोर उभा असलेला गाडीवाल्याचा मुलगा थोडक्यात वाचला. तुमच्या गाडीतही माणसं बसतात, म्हणून सांगतोय.

प्रश्न : आमच्या पिकअपचा तापमानाचा काटा रात्रीच एकदम लालमध्ये जातो, दिवसा नाही. रेडिएटर बदलावा का?
— एक वाचक भगिनी, मोहोळ

उत्तर : ताई, हेडलाइट लावल्याबरोबर काटा उडी मारतो का, ते बघा. दहा-बारा लिटर पाणी एका क्षणात तापत नाही. तेव्हा उडी मारणारा काटा तारांची गोष्ट सांगत असतो, उष्णतेची नाही. डिझेलचा काटाही त्याच वेळी हलत असेल तर खात्रीच समजा. इंजिनाकडून बॉडीला आणि बॅटरीला जाणारी अर्थची जाड पट्टी शोधा, तिची दोन्ही टोकं सोडून पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा. डॅशबोर्डामागची अर्थची तारही तशीच. मग रात्री दिवे लावून बघा. काटा जागचा हलला नाही तर रेडिएटर आहे तसाच राहू द्या.