मंचुरियन मंचुरियात मिळतं का?

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले, की आपल्याकडचं चायनीज चीनमधल्या माणसापुढे ठेवलं तर तो विचारेल हे कुठल्या देशातलं. त्यावर पत्रांचा आणि मेसेजेसचा नुसता पाऊस. काहींना पटलं, बरेचजण भडकले, आणि बहुतेकांचा सूर होता की मग आम्ही इतकी वर्षं खाल्लं ते काय होतं? म्हणून ह्या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला, फक्त चायनीज.

ताई, मुलीच्या प्रमोशनची पार्टी म्हणून आम्ही एका ‘ऑथेंटिक चायनीज’ हॉटेलात गेलो. आलं काय, तर साधा पांढरा भात, वाफवलेला अख्खा मासा, नुसत्या लसणीवर परतलेली पालेभाजी आणि पाण्यासारखं सूप. ना ग्रेव्ही ना शेजवान. बिल मात्र दणदणीत. आम्हाला चुना लावला का?
– एक वाचक, ठाणे

बिलाचं मला माहीत नाही, पण जेवणात चुना नाही लावला हो. तुम्ही जेवलात ते ग्वांगडाँग प्रांतातलं, म्हणजे कँटनीज पद्धतीचं. तिकडे मासा टाकीत जिवंत पोहत असतो, गिऱ्हाईक बोट दाखवतं, मग तो आत जातो आणि आलं-पातीचा कांदा घालून मोजून काही मिनिटं वाफवतात. वरून ताजा कांदा घालायचा, त्यावर कडकडीत तेल, चर्र आवाज झाला की बाजूने थोडा सोया सॉस, झालं. माशावर मसाल्याचा थर दिसला तर तिथल्या जाणत्या माणसाला उलट शंका येते की मासा शिळा तर नाही ना.

आता मुद्दा असा की ‘ऑथेंटिक’ हे एका एका पदार्थात शोधायला गेलं की आपण फसतो, ते टेबलावर शोधायचं असतं. चिनी घरातलं जेवण म्हणजे ज्याच्या त्याच्या हातात भाताचा बोल, मीठसुद्धा नसलेला भात, आणि मधोमध सगळ्यांच्यात मिळून तीन-चार पदार्थ आणि एक सूप. आपल्या ताटात जसं वरण, भाजी, कोशिंबीर, लोणचं एकमेकांना सांभाळून घेतात तसंच. म्हणजे एक वाफवलेलं, एक मोठ्या आचेवर परतलेलं, एक मंद शिजवलेलं, एक आंबट तर एक सौम्य, शिवाय दाताखाली काय लागतं ह्याला तर प्रचंड महत्त्व, काही वस्तू ते निव्वळ कुरकुरीत किंवा बुळबुळीत लागण्यासाठीच खातात, जेलीफिश घ्या किंवा काळे मश्रूम घ्या, त्यांना स्वतःची चव अशी फारशी नसतेच.

परदेशात गेल्यावर पहिलं मोडतं ते हे. सगळं एका प्लेटमध्ये येतं आणि फ्राइड राइस हेच जेवण होऊन बसतं. चीनमध्ये फ्राइड राइस म्हणजे बहुतेक वेळा कालच्या उरलेल्या भाताची सोय. आणि आपल्याकडे तर ग्रेव्ही एकच, नावं सतरा. माझी खरी तक्रार तिखटपणाबद्दल नाही, ह्याबद्दल आहे.

बरं, सगळा चीन असंच जेवतो असंही समजू नका. आठ नामांकित खाद्यपरंपरा ते स्वतःच मोजतात: शानडाँग, सिचुआन, ग्वांगडाँग, जिआंगसू, जजिआंग, फुजिआन, हुनान, आनहुई. आणि ह्यात शिनजियांगचं जिरं लावून भाजलेलं मटण नाही, लानजोचे हाताने ओढलेले नूडल्स नाहीत, शिआनचं मटणाच्या रश्शात रोटी कुस्करून खाणं नाही. उत्तरेत मुळात भातापेक्षा गहू जास्त.

आम्ही कोल्हापूरकर, तिखटाचं कौतुक आम्हाला सांगू नका. शेजवान चटणी घरात कायम असते, पोरं भाकरीशीसुद्धा खातात. खऱ्या सिचुआनची चव अशीच असते का? का तिकडचं ह्याहून तिखट?
– एक वाचक, कोल्हापूर

भाकरीशी शेजवान, वा! नाव सिचुआनवरूनच आलंय, पण नातं अगदी लांबचं. आपली शेजवान म्हणजे सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, आलं, व्हिनेगर, साखर, सोया सॉस आणि तेल. चविष्ट आहे, नाही कोण म्हणतंय, पण सिचुआनच्या स्वयंपाकाला ज्या दोन गोष्टी सिचुआनचं करतात त्या दोन्ही ह्यात नाहीत.

एक म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची आणि मिरचीची आंबवलेली पेस्ट, डोबानजियांग. चंगदू शहराजवळच्या पिशियनची सगळ्यात नावाजलेली. मोठमोठ्या मातीच्या रांजणांत ती मुरत असते, दिवसा उघडी टाकून उन्हात ढवळायची, रात्री दव पडू द्यायचं, पाऊस आला की धावत जाऊन झाकायचं, असं वर्षभर आणि चांगल्या प्रतीची त्याहून जास्त. लाल रंग हळूहळू तपकिरी होत जातो आणि नुसता तिखटपणा जाऊन खोल, खारट, मुरलेली चव येते. ती तेलात परतायला घेतली की तेल लालभडक सुटतं, तिथून पुढे स्वयंपाक सुरू.

दुसरी गोष्ट ऐकून कोकणातले आणि गोव्यातले वाचक खूश होतील. ती म्हणजे सिचुआन मिरी, हुआजियाओ, आणि ही मिरी नव्हेच, ही आपल्या तिरफळाची सख्खी बहीण! दोघींचं कूळ एकच, झँथोझायलम. बांगड्याच्या आमटीत घालतो तेच तिरफळ, त्यातली काळी बी काढून टाकतो आणि टरफल ठेवतो ना, तिकडेही टरफलच वापरतात, फक्त ते भाजून, कुटून पदार्थावर भुरभुरवतात, आणि त्यांच्या जातीत ओठांना मुंग्या आणायची ताकद भयंकर. जीभ आधी बधिर, मग त्यावर मिरची. तिखट जास्त की कमी हा प्रश्नच तिथे गळून पडतो, कारण अनुभवच वेगळा.

मापो टोफूचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात चंगदूमध्ये एका पुलाजवळ चेन नावाच्या कुटुंबाची खानावळ होती, तेल वाहून नेणारे हमाल तिथे जेवायला थांबायचे असं सांगतात, त्या खानावळीतला हा पदार्थ. मऊसूत टोफूचे चौकोन मिठाच्या गरम पाण्यात ठेवायचे म्हणजे मोडत नाहीत, तेलात बीफचा खिमा कोरडा होईतो परतायचा, मग ती पेस्ट, आंबवलेले काळे सोयाबीन, थोडं स्टॉक, टोफू अलगद सोडायचा, ढवळायचं नाही, कढई हलवायची, कॉर्नफ्लोअरचं पाणी एकदम न ओतता थोडं थोडं, आणि शेवटी वरून हुआजियाओची पूड. घरी व्हेज करायचं तर खिम्याऐवजी बारीक चिरलेले मश्रूम चालतील, पण कृपा करून पनीर नको, पनीर तो रस ओढूनच घेत नाही.

आणि एक. मिरची चीनची नाहीच. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली त्याच शतकात ती अमेरिकेतून तिकडेही पोचली, १५९१ च्या एका चिनी ग्रंथात तिचा उल्लेख आहे तो फुलझाडांच्या यादीत, शोभेचं झाड म्हणून. सिचुआनी स्वयंपाकात ती घट्ट बसली ती त्यानंतर बऱ्याच काळाने. म्हणजे ‘अस्सल’ म्हणतो ते सुद्धा कधीतरी उपरंच होतं. आणि सिचुआनमध्ये सगळंच तिखट असतं हाही गैरसमज, चहाच्या धुरावर मुरवलेलं बदक आणि पाण्यासारख्या नितळ सुपातला कोबी हे तिथलेच, मिरचीचा पत्ता नाही.

मंचुरियात मंचुरियन मिळतं का? आमच्या ग्रुपमध्ये पैज लागली आहे.
– कॉलेजातली चौकडी, नाशिक

नाही मिळत, पैज ज्याने नाही म्हटलं त्याने जिंकली. चिकन मंचुरियनचं श्रेय साधारणपणे नेल्सन वाँग ह्यांना देतात, कोलकात्याच्या चिनी समाजातले, १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी लसूण, आलं, हिरवी मिरची असं आपलं नेहमीचं वाटण-बिटण घेतलं आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. पुढे गोबी, पुढे व्हेज बॉल्स, पुढे काय झालं ते तुम्ही रोज संध्याकाळी गाडीवर बघताच.

पण हरलेल्याला थोडं समाधान: त्या भागात, म्हणजे ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहरात, गुओबाओरोऊ नावाचा पदार्थ आहे. डुकराच्या मांसाचे पातळ काप स्टार्चमध्ये घोळवून तळायचे आणि आंबटगोड पाकात झटकन घोळवायचे. आणि गंमत म्हणजे तो तिथेही रशियन पाहुण्यांच्या जिभेसाठी गोड केला गेला अशीच कथा सांगतात. पाहुण्यासाठी चव बदलणं हे चिनी आचारी चीनमध्ये बसूनसुद्धा करत आलेत.

इथल्या चायनीज टेकआउटमध्ये जनरल त्सोज चिकन, तिकडे एडिसनला गेलं की देसी लोकांचं इंडो-चायनीज, आणि ऑफिसमधली माझी चिनी मैत्रीण म्हणते दोन्ही बकवास. तुमचं काय मत?
– एक वाचक, न्यू जर्सी

मैत्रिणीला सांग, जनरल त्सोज चिकनचा, म्हणजे त्या गोडसर सॉसमध्ये घोळवलेल्या तळलेल्या चिकनचा, जनक अगदी पक्का हुनानी होता. पेंग चांग-क्वे, १९४९ नंतर तैवानला गेलेले मोठे शेफ. १९५० च्या दशकात तिथे त्यांनी हा पदार्थ केला तेव्हा तो आंबट, खारट, तिखट होता, साखर नव्हती. १९७० च्या दशकात ते न्यूयॉर्कला आले, तिथल्या लोकांसाठी त्यात गोडवा आला आणि तो अमेरिकाभर पसरला. पुढे त्यांनी हुनानची राजधानी चांगशा इथे हॉटेल काढून हाच पदार्थ ठेवला तर तिथल्या लोकांनी नाक मुरडलं, फार गोड म्हणून. ज्या जनरलचं नाव दिलंय ते झुओ (म्हणजेच त्सो) झोंगटांग १८८५ मध्येच वारले, त्यांनी हा पदार्थ कधी चाखलाच नाही.

टेकआउटची गोष्ट जरा कडू आहे. अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना येण्याची बंदी घातली. व्यापाऱ्यांना मात्र मुभा होती, आणि १९१५ मध्ये कोर्टाच्या निकालाने रेस्टॉरंटवालेही त्यात धरले जाऊ लागले, मग रेस्टॉरंट काढणं हाच आत येण्याचा आणि गावाकडच्या माणसांना आणण्याचा रस्ता झाला. आलेले बरेचसे ग्वांगडाँगच्या तायशान भागातले, आणि त्यातले किती पेशाने आचारी होते? गिऱ्हाईक गोरं, हातात अमेरिकन ब्रोकोली, मग जे विकलं जाईल ते त्यांनी केलं. कोलकात्याच्या टांगरा ह्या चिनी वस्तीतल्या हक्का लोकांनी (दक्षिण चीनमधून आलेला हा एक समाज) हिरवी मिरची उचलली, तसंच. त्यांच्यातलेच काहीजण पुढे टोरंटोला गेले आणि तिथे ‘हक्का चायनीज’च्या पाट्या लागल्या, ज्यांच्यापुढे देशी लोकांच्या रांगा असतात.

म्हणून माझं मत विचारशील तर बकवास वगैरे नाही. ते त्या त्या शहराचं जेवण आहे आणि त्यात चिनी माणसाचे हात आणि घाम आहे. फक्त ते खाऊन ‘मला चायनीज कळतं’ म्हणू नये, एवढंच. मैत्रिणीला एकदा घरी स्वयंपाक करायला सांग, टोमॅटो-अंडं करायला सांग, चीनच्या घराघरात होणारा साधा पदार्थ, आणि बघ तो तुझ्या पोराला आवडतो का. (टोमॅटोसुद्धा अमेरिकेचाच, हे तिला सांगू नकोस.)

अजिनोमोटो वाईट का? खऱ्या चायनीजमध्ये असतो का?
– बऱ्याच जणांचा प्रश्न

असतो, घरातही आणि हॉटेलातही. शोध जपानी, किकुनाए इकेदांचा, १९०८ सालचा. शांघायमध्ये १९२३ पासून चिनी कंपनीनेच बनवायला घेतला. बदनामी सुरू झाली १९६८ च्या एका पत्रामुळे, अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या. नंतर न सांगता खायला घालून तपासलं तेव्हा नेमाने त्रास होतो असं काही दिसलं नाही. गाडीवरचं खाऊन डोकं जड होत असेल तर मीठ आणि तेल किती पडतंय तेही बघा.

यंत्राच्या चौकशीसाठी कँटन फेअर ह्या व्यापारी प्रदर्शनाला ग्वांगजोला (म्हणजे जुन्या कँटनला) चाललोय, पहिल्यांदाच. पक्का शाकाहारी. उपाशी मरेन का?
– एक कारखानदार, इचलकरंजी

नाही मरणार, पण ‘व्हेज’ एवढंच सांगून भागणार नाही. तिथे अनेकांच्या लेखी भाजीत मांसाचे तुकडे दिसत नाहीत म्हणजे ती भाजीच, मग खाली डुकराची चरबी असो, वरून ऑयस्टर सॉस असो की कोंबडीचं स्टॉक असो. ग्वांगजोत पालेभाजीवर ऑयस्टर सॉस ओतणं तर अगदी नेहमीचं, आणि परतलेल्या फरसबीत खिमा सर्रास. फोनमध्ये चिनी लिपीत एकेक वस्तू लिहून ठेवा: मांस नको, मासे नको, चरबी नको, ऑयस्टर सॉस नको, मांसाचं स्टॉक नको. आणि ते वेटरला नाही, जमलं तर आचाऱ्याला दाखवा.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे मोठ्या बौद्ध देवळांच्या आसपासची शाकाहारी हॉटेलं. देवळाच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे जैन मंडळींचीही बऱ्यापैकी सोय होते, फक्त अंडं-दूध आहे का तेवढं विचारायचं. तिथे ताटात हुबेहूब बदक किंवा अख्खा मासा आला तर दचकू नका, तो सोयाचा नाहीतर गव्हाच्या चिकाचा असतो, हे त्यांचं जुनं कसब आहे.

आणि जागोजागी लानजो नूडल्सची मुसलमानांची छोटी दुकानं दिसतील, हिरव्या पाटीची. तिथे डुकराचं काही नसतं हे ऐकून आपले लोक निर्धास्त आत शिरतात, तुम्ही शिरू नका, रस्सा बीफचा असतो.