मोठ्या स्पीकरला किती वॅटचा ॲम्प्लिफायर?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : जुळे सोलापूर येथील आमच्या घराच्या हॉलसाठी (१८ फूट बाय १४ फूट) मी जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर घेतले आहेत. त्यांच्या माहितीपत्रकावर ‘सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल (२.८३ व्होल्ट, १ मीटर), इम्पिडन्स ४ ओहम, शिफारस ५० ते २५० वॅट’ असे छापले आहे. ऐकण्याची खुर्ची साडेतीन मीटरवर असते. मी मुख्यतः शास्त्रीय गायन, तबलावादन आणि नाट्यसंगीत ऐकतो. सध्या ‘१०० वॅट’ लिहिलेला पाच चॅनेलचा जुना रिसीव्हर वापरतो. पण आवाज वाढवल्यावर तबल्याच्या जोरकस थापा लागोपाठ आल्या, की तो आपोआप बंद पडतो. एक मित्र म्हणतात, मंडपवाल्यांकडे असतो तसा ५०० वॅटचा घ्या. दुसरे म्हणतात, ४० वॅटच्या वर जाऊ नका, स्पीकर जळतील. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या दोन्ही मित्रांनी फक्त वॅटचा विचार केला आहे. आपल्या पत्रकावरचा खरा महत्त्वाचा आकडा ४ ओहम हा इम्पिडन्सचा, म्हणजे स्पीकर करंटला जो विरोध करतो त्याचा, आहे, आणि आपला रिसीव्हर बंद पडतो तोही त्याच्यामुळेच, असे आपल्या वर्णनावरून दिसते.

तेवढ्याच व्होल्टेजला ८ ओहमचा स्पीकर जितका करंट घेतो, त्याच्या दुप्पट करंट ४ ओहमचा स्पीकर घेतो. शिवाय ‘४ ओहम’ हा एक ढोबळ आकडा असतो; प्रत्यक्षात इम्पिडन्स प्रत्येक स्वराला बदलतो, कुठे वीस ओहमपर्यंत चढतो, तर कुठे छापलेल्या आकड्याच्याही खाली उतरतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे आपल्या बाबतीत ३.२ ओहमच्या खाली नाही. परंतु हे बंधन सगळेच उत्पादक पाळतात असे नाही. मोठ्या स्पीकरमध्ये एकाच वेळी दोन-तीन वूफर (खर्जाचे मोठे पडदे) समांतर जोडलेले असतात, त्यामुळे ही उतरण बहुधा खर्जाच्या भागात येते, आणि डग्ग्याची थाप नेमकी तिथेच पडते. रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर पाचही चॅनेलमध्ये वाटून दिलेला असतो. थाप पडली की करंटची मागणी एकदम वाढते आणि संरक्षक सर्किट सगळेच बंद करते. तो बंद पडतो म्हणून नादुरुस्त आहे असे समजू नये. तो स्वतःला आणि आपल्या स्पीकरला वाचवत असतो. कित्येक रिसीव्हरच्या मागे किंवा मेन्यूत कमी ओहमसाठी एक पर्याय दिलेला असतो. तो निवडल्यावर बंद पडणे थांबते खरे, पण बहुतेक यंत्रांत त्याने आतले व्होल्टेजच उतरवले जाते, म्हणजे ताकद वाढत नाही, कमी होते. तो उपाय धरू नये.

आता वॅटकडे येऊ, कारण हिशेब केल्याशिवाय दोन्ही मित्रांना उत्तर देता येणार नाही. आपल्या पत्रकावर सेन्सिटिव्हिटीपुढे (म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर किती आवाज होतो, त्या आकड्यापुढे) ‘१ वॅट’ असे न लिहिता ‘२.८३ व्होल्ट’ लिहिले आहे, याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट. म्हणून आपल्या स्पीकरचे ८७ डेसिबल हे २ वॅटचे आहेत, आणि १ वॅटचा हिशेब धरला तर ते ८४ च भरतात. खरेदीच्या वेळी ८७ डेसिबलचे दोन वेगळे स्पीकर शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने हे आधी पाहावे.

साडेतीन मीटरवर आवाज उघड्या मैदानात सुमारे ११ डेसिबलने उतरला असता. घरात भिंती काही आवाज परत पाठवतात, म्हणून आपल्या आकाराच्या हॉलमध्ये ही घट ८ डेसिबल धरू. दोन स्पीकर मिळून ३ डेसिबल परत मिळतात. म्हणजे प्रत्येक स्पीकरला २ वॅट दिले, तर आपल्या खुर्चीवर ८२ डेसिबल आवाज पोहोचतो. बैठकीत पहिल्या रांगेत बसल्यासारखे वाटावे इतका आवाज हवा असेल, तर सरासरी ८० डेसिबल पुरेसे आहेत, आणि त्यासाठी प्रत्येक स्पीकरला लागतात फक्त सव्वा वॅट.

पण सरासरीवर तबला वाजत नाही. चांगल्या ध्वनिमुद्रणात तबल्याची थाप किंवा गायकाने अचानक तारसप्तकात लावलेला षड्ज सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातो. अलीकडच्या चित्रपटगीतांत आवाज दाबून सपाट केलेला असतो, तिथे हे अंतर बरेच कमी असते. आपले संगीत मात्र नेमके जास्त मागणारे आहे. १८ डेसिबलचे अंतर धरले तर शिखर ९८ डेसिबलवर जाते, म्हणजे ८२ पेक्षा १६ डेसिबल वर. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट आणि दर १० डेसिबलला दसपट लागतात. या हिशेबाने १६ डेसिबलला चाळीसपट, म्हणजे २ वॅटचे ८० वॅट होतात. त्यावर ३ डेसिबलची शिल्लक ठेवावी, असे मी सर्वांनाच सांगतो. म्हणजे ४ ओहमला १६० वॅट.

सव्वा वॅटवर चालणारे यंत्र क्षणभरासाठी १६० वॅटला तयार असावे लागते, ही गोष्ट ध्यानात आली की निवड बरीच सोपी होते. तेव्हा ८ ओहमला ८० ते १०० वॅट देणारा आणि ४ ओहमला सुमारे १६० वॅट किंवा अधिक देणारा, दोनच चॅनेलचा ॲम्प्लिफायर आपण घ्यावा. या दोन आकड्यांची तुलना हीच यंत्राची खरी परीक्षा आहे. ज्या पत्रकावर ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला १७०–१८० वॅट लिहिलेले असतात, त्या यंत्राचा वीजपुरवठा दणकट आहे. जिथे ४ ओहमचा आकडाच नसतो, ते यंत्र आपल्या स्पीकरला जोडू नये, मग त्यावर वॅट कितीही छापलेले असोत.

हे वॅट कसे मोजले तेही वाचावे. ‘दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती ०.१ टक्के’ असे लिहिले असेल तर तो आकडा विश्वासाचा. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, विकृती १० टक्के’ असे असेल, तर तिथला १०० हा आकडा निम्म्यावर येऊ शकतो, कारण १० टक्के विकृती म्हणजे आवाज उघड उघड फाटलेला. पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) म्हणून जे हजारो वॅट खोक्यावर छापतात, त्यांना काहीच अर्थ नाही. ही फसवणूक जुनी आहे; अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरच्या वॅटच्या जाहिरातींसाठी खास नियम करावा लागला होता.

आपल्या ४० वॅटवाल्या मित्रांचा समज फार पसरलेला आहे आणि त्याने नुकसान होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लहान ॲम्प्लिफायरकडे देण्यासारखे व्होल्टेज संपले, की लहरींचे माथे सपाट कापले जातात. खर्जाचा आवाज तिथे अडतो, पण वरच्या स्वरांचा वाटा वाढतच राहतो, कापलेल्या माथ्यांतून नवे तीव्र स्वरही तयार होतात, आणि हा सगळा भार वरचे स्वर वाजवणाऱ्या एवढ्याशा ट्वीटरवर पडतो. माझ्या घरी एका लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर २५ वॅटचा ॲम्प्लिफायर शेवटच्या खुणेपर्यंत फिरवून तीन तास वाजवला गेला. दुसऱ्या दिवशी आवाज बोथट वाटला म्हणून ट्वीटर उघडला, तेव्हा केसाएवढ्या तारेची ती कॉइल काळी पडलेली होती, वार्निश फुगून एका जागी तार तुटली होती आणि जळकट वास बोटांना दिवसभर राहिला. त्या स्पीकरवर १०० वॅटपर्यंतची शिफारस होती. मोठा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळू शकत नाही असे मी म्हणत नाही. पण आवाज फाटू लागताच बटण मागे घेणाऱ्या माणसाच्या हातात मोठे यंत्र अधिक सुरक्षित असते.

मंडपाचा ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर मात्र घेऊ नये. १६० वरून ५०० वर गेल्याने अवघे ५ डेसिबल वाढतात, त्यांची आपल्याला गरज नाही, आणि त्याबदल्यात थंडाव्यासाठी लावलेल्या पंख्याची घरघर तानपुऱ्याच्या मागे अखंड ऐकू येते. आलाप ऐकणाऱ्याला ती सहन होणार नाही.

सोलापूरचा म्हणून एक विचार यात आणावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि अशा वेळी क्लास ए प्रकारचा ॲम्प्लिफायर, जो काही न वाजवताही पूर्ण वीज खाऊन तिची उष्णता करतो, तो बंद हॉलमध्ये शेगडीसारखा तापतो. त्याचा आवाज गोड असतो हे मी मान्य करतो, परंतु आपल्या गावात तो वर्षातले चार महिने वापरवत नाही. नेहमीचा क्लास एबी चालेल, मात्र त्याला भोवती मोकळी हवा हवी. क्लास डी सर्वांत थंड राहतो आणि आता तो उत्तम प्रतीचाही मिळतो. त्यातल्या स्वस्त यंत्रांत एक दोष आढळतो, की स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे वरचे स्वर थोडे चढतात किंवा उतरतात, म्हणून तो आपल्याच स्पीकरवर ऐकून घ्यावा. हातात उचलून वजनावरून ताकद ठरवण्याची जुनी रीत क्लास डीला लागू पडत नाही.

उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरते, त्याचाही परिणाम होतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रात आतले व्होल्टेज बाहेरच्या प्रमाणात कमी होते आणि वॅट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. २३० चे १९० व्होल्ट झाले, की १०० वॅटच्या यंत्राचे ६८ वॅट उरतात. आपल्या भागात अशी उतरण नेहमीची असेल, तर ॲम्प्लिफायरच्या गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या क्षमतेचा सर्व्हो स्टॅबिलायझर बसवावा. अर्थिंग मात्र त्याआधी तपासून घ्यावे.

वायरीवर जास्त खर्च करू नये. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर, जी नवी पेठेतल्या कोणत्याही विजेच्या दुकानात मिळते, तिचा जाण्या-येण्याचा मिळून १० मीटरचा रोध ०.०८ ओहम भरतो, आणि ४ ओहमपुढे तो नगण्य आहे. त्या पैशांतून फरशीवर जाड सतरंजी घालावी. भिंतीवर सोलापुरी चादर लावण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. चादर भिंतीला चिकटवून ताणली तर तिचा उपयोग फार थोडा होतो. तीच चुण्या पाडून, भिंतीपासून वीतभर पुढे टांगली, तर टाळीसारख्या तीव्र आवाजाचा घुमारा कमी होतो. खर्जावर तिचा काहीच परिणाम होत नाही.

खरेदीपूर्वी एक करावे. आपल्या रिसीव्हरच्या मागे ‘प्री-आउट’ (ताकद वाढवण्याआधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या) असे लिहिलेल्या जागा आहेत का, ते पाहावे. असतील, तर पूर्ण ॲम्प्लिफायर न घेता दोन चॅनेलचा नुसता पॉवर ॲम्प्लिफायर घेऊन त्याला जोडता येईल आणि खर्च बराच वाचेल. दुकानदाराकडून यंत्र दोन दिवस घरी आणण्याची परवानगी मागावी, आणि ज्या ध्वनिमुद्रणाला आपला रिसीव्हर बंद पडतो तेच, त्याच आवाजात, सलग तासभर वाजवावे.

प्रश्न : आमचे घर अशोक चौकाजवळ, यंत्रमागांच्या शेजारी आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेला ॲम्प्लिफायर काचेच्या शोकेसमध्ये ठेवला आहे. हल्ली तासाभरात तो फार तापतो आणि बंद होतो. तो बदलावा का? – एक वाचक

उत्तर : बदलण्याआधी तो आतून साफ करून घ्यावा. मागांच्या परिसरातल्या हवेत सुताचे बारीक तंतू असतात. ते झाकणाच्या फटींतून आत जाऊन हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखे थर धरतात आणि हवा खेळणे बंद होते. मी उघडलेल्या अशा एका यंत्रात तो थर बोटाने चादरीच्या कडेसारखा सोलून निघाला होता. काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते. मऊ ब्रश आणि कोरड्या हवेचा ब्लोअर एवढेच वापरावे, ओले फडके लावू नये. शोकेसमधून यंत्र आजच बाहेर काढून वर निदान १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी, आणि चालू असताना धुळीसाठी त्यावर कापड टाकू नये. साफ केल्यावरही तापत राहिला, तर बायस (काही वाजत नसतानाही आत वाहणारा ठरावीक करंट) तपासून घ्यावा. आपल्या भागात ही सफाई दर सहा महिन्यांनी करावी लागेल.

प्रश्न : माझ्या स्पीकरच्या मागे वायर जोडण्याच्या दोन जोड्या आहेत. खर्जासाठी एक आणि वरच्या स्वरांसाठी दुसरा, असे दोन ॲम्प्लिफायर लावल्यास फायदा होईल का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : फारसा नाही. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणारे सर्किट) तसाच राहतो आणि दोन्ही ॲम्प्लिफायरना पूर्ण व्होल्टेज द्यावेच लागते, म्हणून ताकद दुप्पट होत नाही. एकाच रिसीव्हरचे मोकळे चॅनेल यासाठी वापरले, तर ट्रान्सफॉर्मर तोच असल्याने मिळकत आणखी कमी. तेवढ्याच पैशांत एक चांगला ॲम्प्लिफायर घ्यावा. तरीही प्रयोग करायचा असेल, तर दोन जोड्यांना सांधणाऱ्या पितळी पट्ट्या आधी काढाव्यात. त्या राहिल्या तर दोन ॲम्प्लिफायरची आउटपुट एकमेकांना जोडली जाऊन दोन्ही जळू शकतात. आणि पुन्हा एका ॲम्प्लिफायरवर याल, तेव्हा त्याच पट्ट्या परत बसवाव्या लागतील, म्हणून त्या जपून ठेवाव्यात.