वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती माणसाने शब्बाथ पाळावा का?

प्रश्न : मी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने काम करतो. काही रविवारी मला कामावर जावे लागते आणि उपासना चुकते. माझे वडील म्हणतात की शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा पवित्र विसावा, आता रविवारी आला आहे, म्हणून रविवारी काम करणे पाप आहे. माझा धाकटा भाऊ मात्र शनिवार पाळू लागला आहे. शुक्रवारी सूर्यास्त होताच तो आपले दुकान बंद करतो. दहापैकी नऊ आज्ञा पाळायच्या आणि शब्बाथाची चौथी तेवढी सोडून द्यायची, याला पवित्र शास्त्रात आधार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. यांपैकी कोणाचे बरोबर मानावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नव्या कराराच्या साक्षीवरून पाहता सातव्या दिवसाचा नियम ख्रिस्ती माणसावर बंधनकारक राहिलेला नाही, आणि तो नियम रविवारवर हलवण्यात आला, असेही नव्या करारात कोठे सांगितलेले नाही. त्यामुळे आपल्या वडिलांच्या आणि भावाच्या म्हणण्यात एकेक दुवा सैल राहतो. तरीही चौथी आज्ञा आपल्याला लागूच नाही, असे मी म्हणणार नाही. तिच्यातील जो भाग आजही आपल्याला जाब विचारतो, तो आपल्या मंडळ्यांत फार क्वचित ऐकू येतो.

आपल्या भावाच्या युक्तिवादाला वजन आहे. देवाने सातवा दिवस पवित्र ठरवला हे उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, म्हणजे इस्राएल राष्ट्र अस्तित्वात येण्यापूर्वीच, सांगितलेले आहे. परंतु तेथे माणसाला आज्ञा दिलेली नाही. लोकांनी शब्बाथ पाळल्याचा पहिला उल्लेख रानातील मान्न्याच्या, म्हणजे देवाने आकाशातून दिलेल्या अन्नाच्या, प्रसंगी (निर्गम १६) येतो, आणि निर्गम ३१ मध्ये देव त्याला आपल्यातील व इस्राएलातील खूण म्हणतो. ही खूण किती चिवट होती याचे उदाहरण आपल्याच कोकणात आहे. अलिबाग-पेणच्या परिसरात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहूदी, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.

अन्यजातीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर मोशेचे नियमशास्त्र लादावे का, हा प्रश्न आरंभीच्या मंडळीपुढे लवकरच उभा राहिला. यरुशलेमेतील सभेने त्यांना पाठवलेल्या पत्रात (प्रेषितांची कृत्ये १५) मूर्तीला अर्पिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मेलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहण्यास सांगितले. शब्बाथ पाळण्याचे त्या पत्रात नाव नाही. पुढे प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सण, चंद्रदर्शन आणि शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. येथे केवळ वार्षिक सणांचे शब्बाथ अभिप्रेत आहेत, असा खुलासा काही जण करतात. परंतु यहेज्केल ४५:१७ व होशेय २:११ येथे हीच तीन नावे एकत्र येतात आणि त्यांत आठवड्याचा शब्बाथ धरलेला असतो, त्यामुळे तो खुलासा मला पटत नाही. नऊ आज्ञांच्या मुद्द्यालाही पौलाच्याच लेखनात उत्तर सापडते. दिवस मानण्या-न मानण्याविषयी प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी, असे तो रोमकरांस १४:५ मध्ये लिहितो. चोरी, व्यभिचार किंवा मूर्तिपूजा यांविषयी त्याने असा मोकळेपणा कधीही दिलेला नाही.

आता आपल्या वडिलांच्या मताकडे वळतो. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ख्रिस्ती लोक एकत्र येत, याला पुरेसा पुरावा आहे. त्या दिवशी ते काम बंद ठेवीत, याला मात्र पहिल्या तीन शतकांत फारसा पुरावा मिळत नाही. प्रेषितांची कृत्ये २० मधील त्रोवस येथील सभा आठवून पाहावी. भाकर मोडण्यासाठी लोक पहिल्या दिवशी जमले आहेत, माडीवर पुष्कळ दिवे लावले आहेत, पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले आहे, आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळतो. त्या रात्री जमलेल्यांत दिवसभर राबून आलेले लोक असावेत, असे मला नेहमी वाटते. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन सुभेदाराने सम्राट त्राजनाला लिहिले की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमून ख्रिस्ताला स्तोत्र गातात. अनेक जण गुलाम होते. उजाडल्यावर त्यांच्यावर मालकाची सत्ता असे. त्यांनी रविवारी काम केले म्हणून पाप केले, असे आपण म्हणणार का?

रविवारी काम बंद ठेवण्याचा राज्याचा हुकूम प्रथम सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२१ मध्ये काढला. त्यात न्यायाधीश, शहरांतील रहिवासी आणि कारागीर यांना विसावा होता, शेतकऱ्यांना मात्र पेरणीचा वाफसा हातचा जाऊ नये म्हणून कामाची मोकळीक होती. निर्गम ३४:२१ मध्ये नेमके उलट सांगितले आहे : नांगरणी आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी थांबावे. यावरून कॉन्स्टंटाईनचा रविवार आणि मोशेचा शब्बाथ एक नव्हते, हे दिसते. रविवार हाच ख्रिस्ती शब्बाथ, ही शिकवण सतराव्या शतकाच्या मध्यावर वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकाराने, म्हणजे ब्रिटनमधील प्रॉटेस्टंट धर्मपंडितांच्या श्रद्धा-जाहीरनाम्याने, ठामपणे मांडली, आणि स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर ती आपल्याकडे आली. वडिलांनी ती श्रद्धेने जपली आहे, तिचा अनादर करू नये.

मग चौथ्या आज्ञेतील कोणता भाग उरतो? दहा आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येतात. निर्गमात विसाव्याचे कारण सृष्टीची उत्पत्ती हे दिले आहे. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र कारण बदलते. तू, तुझा मुलगा व मुलगी, तुझा दास व दासी, तुझा बैल, तुझे गाढव आणि तुझ्या वेशीच्या आतील परका अशी यादी तेथे आहे, तुझ्या दासदासींनाही तुझ्याप्रमाणेच विसावा मिळावा हा हेतू सांगितला आहे, आणि तू स्वतः मिसरात दास होतास याची आठवण करून दिली आहे. अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या स्त्रीला येशूने शब्बाथ दिवशीच बरे केले (लूक १३), तेव्हा तुम्ही आपला बैल आज गोठ्यातून सोडून पाण्यावर नेता, मग हिला बंधनातून सोडू नये काय, असे त्याने विचारले. ज्याच्या विसाव्याची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे त्याला सोडवणे, हे या आज्ञेचे अंतःकरण आहे असे मी मानतो, आणि ते कोणत्याही कराराबरोबर संपलेले नाही.

महाराष्ट्रात रविवारची सुट्टीही अशाच मागणीतून आली. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, रविवार हा खंडोबाचा वार आहे असेही मालकांना सांगितले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. आपण उपासनेला ज्या सुट्टीमुळे निवांतपणे जातो, ती घाम गाळणाऱ्या कामगारांनी मिळवलेली आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

म्हणून आपण पाळीवर गेलात यात पाप नाही. आठवड्याची सुट्टी ज्या वारी मिळेल तो वार खरोखर विसाव्याचा ठेवावा, आणि पाळकांना सांगून एखाद्या संध्याकाळच्या प्रार्थनासभेशी स्वतःला जोडून घ्यावे. भावाने शनिवार प्रभूसाठी पाळला तर त्याला दोष देऊ नये, त्यानेही तो आपल्यावर लादू नये. रविवारच्या उपासनेनंतर घरी पाहुण्यांचे जेवण कोण रांधते, आणि त्या व्यक्तीला आठवड्यात कोणता दिवस मोकळा मिळतो, हा प्रश्न मात्र दोघांनीही घरात विचारावा.

प्रश्न : रविवारी दुकान उघडे ठेवणाऱ्या ख्रिस्ती दुकानदाराला प्रभुभोजनापासून दूर ठेवावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : केवळ त्या कारणासाठी ठेवू नये, वरील उत्तर येथेही लागू आहे. त्याच्याकडे कामाला असलेल्या मुलांना सुट्टी मिळते का, याची चौकशी मात्र मंडळीच्या वडीलमंडळाने जरूर करावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवडाभर दुकान उघडे ठेवता येते, पण कामगाराला सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते. लहान दुकानांना त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागू नाहीत, म्हणून तेथे सुट्टी सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर असते, आणि त्या दिवसाचा पगारही.