वहीतला राहिलेला रकाना

घणसोलीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे असल्यामुळे त्यातला आवश्यक तेवढाच भाग येथे देते.

"माझे सासरे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ३४ वर्षे स्टोअर्स विभागात होते. मे महिन्यात ते निवृत्त झाले. तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी पहाटेची गाडी धरून ते तुर्भ्याच्या घाऊक बाजारात जातात आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परततात. घरात आम्ही पाच माणसे : सासूसासरे, आम्ही दोघे आणि ११ वर्षांचा मुलगा. गेल्या बुधवारी सहा फ्लॉवर, पाच किलो टोमॅटो आणि मेथीच्या आठ जुड्या आल्या. आमच्या कोपऱ्यावर टोमॅटो ३० रुपये किलो असताना बाबांना तो २० रुपयांनी मिळाला होता. प्रत्येक खरेदी ते वहीत लिहितात आणि 'आज इतके वाचले' असे रात्री जेवताना वाचून दाखवतात. मी सकाळी आठला ठाण्याला नोकरीसाठी निघते आणि संध्याकाळी सातला परतते. निवडायला वेळ मिळत नाही, भाजी कुजते आणि मी ती गुपचूप ओल्या कचऱ्यात टाकते. या वेळी दोन किलो टोमॅटो गेले. मेथीच्या पाच जुड्या टाकताना मात्र बाबांनी पाहिले. 'त्यात चाळीस रुपये होते,' एवढेच म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्याच रात्री मला फ्लॉवरचे तोंड पाहवेना, म्हणून आम्ही बाहेरून जेवण मागवले. त्याचे ६४० रुपये झाले. यजमान म्हणतात, 'आणू दे गं, त्यांचा वेळ जातो.' सासूबाई म्हणतात, 'मला मध्ये घेऊ नका, ४० वर्षे मी मध्येच होते.' बाबांचे मन न दुखावता हे कसे थांबवावे? ता. क. फ्रीजमध्ये अजून चार फ्लॉवर आहेत."

प्रिय भगिनी,

तुमच्या ताज्या कलमापाशी मी मोठ्याने हसले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. हसण्याचे कारण असे की हा प्रसंग माझ्याही घरात घडून गेला आहे. नौपाड्यात आम्ही नवीन असताना एका डिसेंबरात माझ्या यजमानांनी घाऊक भावाने वीस किलो लाल कांदा आणून दिवाणाखाली पसरला होता. पंधरा दिवसांनी घरी पाहुणे आले, दिवाणावर बसले आणि तासभर अस्वस्थपणे इकडेतिकडे पाहत राहिले. बिचाऱ्यांनी शिष्टाचार म्हणून मेलेल्या उंदराचा विषय काढला नाही एवढेच. साठवणीचा कांदा हा एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा असतो आणि थंडीत बाजारात येणारा लाल कांदा स्वस्त असला तरी फार दिवस टिकत नाही, हे ज्ञान आम्हाला त्या दिवाणाखालून मिळाले.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. 'हे कसे थांबवावे' असे तुम्ही विचारले आहे; माझ्या मते ते थांबवूच नये. ३४ वर्षे रोज ठरावीक वेळी घराबाहेर पडणाऱ्या माणसाला मे महिन्यापासून कोणी कोठे बोलावलेले नाही, आणि आठवड्यातल्या त्या दोन पहाटा त्यांनी स्वतःच स्वतःला नेमून दिलेल्या आहेत. त्या काढून घेतल्या तर भाजी कुजायची थांबेल, पण घरात दुसरेच काही बिघडेल. बिघाड त्यांच्या बाजारात जाण्यात नसून त्यांच्या वहीत आहे, आणि ही गोष्ट त्यांना इतर कोणाहीपेक्षा लवकर कळेल, कारण ते स्टोअर्सचे मनुष्य आहेत.

जरा विचार करा. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये केवळ आलेल्या मालाची नोंद करून वही बंद केली, तर चालेल का? आवक किती, जावक किती, शिल्लक किती आणि खराब होऊन बाद किती, हे चारही रकाने भरल्याशिवाय तिथे दिवस संपत नाही. तुमच्या घरच्या वहीत मात्र फक्त आवक आहे. बाद झालेला माल तुम्ही गुपचूप टाकत असल्यामुळे तो रकाना बाबांना भरताच आलेला नाही, आणि म्हणून त्यांचा हिशेब दर रात्री नफ्यातच संपतो. ह्यात थोडी चूक तुमचीही आहे, हे मी स्पष्टपणे सांगते. भाजी टाकावी लागणे हा दोष नव्हे, पण ती लपवून टाकली की दोष लागतो. त्यांनी पाहिले तेव्हा त्यांना मेथीपेक्षा ती लपवाछपवी अधिक लागली असावी, असे मला त्या दोन दिवसांच्या अबोल्यावरून वाटते.

टोमॅटोचाच हिशेब पाहू. पाच किलोंचे १०० रुपये झाले, दोन किलो टाकले, म्हणजे पोटात गेलेले तीन किलो ३३ रुपये किलोने पडले. कोपऱ्यावरच्या भाजीवालीचा भाव ३० होता. ती जे दहा रुपये वर घेते, त्यांत तिचा हमालीचा आणि वाहतुकीचा खर्च तर असतोच. पण त्याखेरीज पाव किलो, अर्धा किलो असे सुटे देण्याची सोय आणि नासण्याची जोखीम हीसुद्धा त्यातच असते. टोमॅटो नासायचा असेल तर तो तिच्या पाटीत नासतो, तुमच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नासत नाही. घाऊक बाजारात भाव उतरतो, तो ही जोखीम आपण आपल्या घरी उचलून आणतो म्हणून. पाच माणसांच्या घराने ती किती उचलावी, एवढाच खरा प्रश्न आहे.

आणि मेहनतीचा रकाना तर त्याहून मोठा आहे. मेथीच्या आठ जुड्या निवडायला एका माणसाला तासाच्या वर वेळ लागतो. संध्याकाळी सात वाजता ठाण्याहून उभ्याने प्रवास करून आलेल्या बाईकडे तो तास नसतो. तुमचे यजमान म्हणतात की बाबांचा वेळ जातो. खरे आहे, पण त्यांचा वेळ जावा म्हणून तुमचा जातो, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. माझ्याकडे यासाठी एकच नियम आहे आणि तो मी आमच्या दिवाणप्रकरणानंतर घरात लागू केला : जो भाजी आणील, त्यानेच ती निवडावी. बाबा पहाटे बाजार करून आठच्या आत घरी येतात आणि पुढे सबंध दिवस मोकळा असतो. टीव्हीवरच्या बातम्यांसमोर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडण्याइतके शांत काम दुसरे नाही. निवडलेली मेथी न धुता, कोरडी, सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर चारपाच दिवस चांगली राहते. तीच प्लॅस्टिकच्या पिशवीत जुडीसकट कोंबली तर तिसऱ्या दिवशी तळाशी हिरवट-काळे पाणी साचते.

त्या ६४० रुपयांविषयीही एक शब्द. थकलेल्या दिवशी बाहेरचे जेवण आणण्यात मला काहीही वावगे वाटत नाही. परंतु भरलेल्या फ्रीजसमोर उभे राहून मागवलेले जेवण त्याच वहीत, त्याच तारखेखाली लिहिले गेले पाहिजे. पाच किलो टोमॅटोवर बाबांनी वाचवलेले ५० रुपये आणि हे ६४० एका पानावर आले की कोणी कोणाला काही ऐकवण्याची गरज राहणार नाही.

हे बोलणे कधी आणि कसे काढावे? बुधवारी किंवा शनिवारी पिशव्या खाली ठेवल्या ठेवल्या तर मुळीच नको. रविवारी दुपारच्या चहाला, यजमान घरात असताना काढा, आणि सुरुवात यजमानांनीच करावी, कारण वडील त्यांचे आहेत. सासूबाईंना मध्ये घेऊ नका. ४० वर्षांनी त्यांना सुटी मिळाली आहे. मेथी लपवून टाकली ते चुकले, एवढे तुम्ही एका वाक्यात सांगून टाका आणि मग साधेपणाने म्हणा, "बाबा, तुमच्या वहीत जावक आणि बाद असे दोन रकाने आखून द्याल का? मला घरातला माल सांभाळता येत नाही, तुम्ही स्टोअर्स सांभाळले आहे." हे खोटे कौतुक नव्हे. जो माल आधी आला तो आधी वापरायचा, हा नियम स्टोअर्समध्ये पाळला जातो आणि स्वयंपाकघरात आपण सगळ्या बायका रोज मोडतो. नवी कोथिंबीर वर ठेवतो आणि जुनी तळाशी सडते. फ्रीजचा खालचा कप्पा बाबांच्या ताब्यात द्या आणि आज काय संपवायचे आहे ते सकाळी त्यांनाच सांगू द्या. शिल्लक पाहिल्यावाचून नवा माल मागवायचा नाही, ही सवय त्यांच्या हाडात आहे; ती घरी वापरायची असते एवढेच त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

घाऊक बाजारातून काय आणावे, याविषयी माझा अनुभव असा आहे. बटाटे, लसूण, अख्खा लाल भोपळा, सुरण, नारळ हे खुशाल आणावे. न चिरलेला भोपळा महिनाभरही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तक्रार न करता पडून राहतो. कांदा आणि बटाटा एका टोपलीत मात्र ठेवू नयेत, दोन्ही लवकर बिघडतात. कोबी फ्लॉवरपेक्षा जास्त टिकतो. पालेभाजी, कोथिंबीर आणि टोमॅटो कोपऱ्यावरच्या बाईकडून दोन दिवसांपुरतेच घ्यावेत. टोमॅटो महागला तर तेवढे दिवस आमटीत आमसूल किंवा चिंच घालावी. आपल्या आज्यांची आमटी टोमॅटोवाचून कधी अडली नव्हती.

एका बाबतीत मात्र बाबांना पूर्ण मोकळीक द्या, आणि ती म्हणजे मटार. थंडीतला मटार घाऊक भावाने पाच काय, दहा किलो आणला तरी तो वाया जात नाही. आजोबा आणि नातू यांनी मिळून सोलावा, दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावेत, कापडावर कोरडे करून लहान लहान पिशव्यांतून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. एप्रिलमध्ये मटारभात खाताना वहीतला 'आज इतके वाचले' हा आकडा त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला, तर तो त्यांचा हक्कच आहे.

आणखी एक गोष्ट करून पाहण्याजोगी आहे. तुमच्या मजल्यावर चार घरे असतील, तर बाबांनी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येकाला काय हवे ते विचारून घ्यावे. मग पाच किलोंचा वाटा चार घरांत सवा सवा किलोने विभागला जातो, भाव घाऊकच राहतो आणि नासाडी होत नाही. पैसे मात्र त्याच दिवशी घ्यावेत. उधारी राहिली की शेजार नासतो आणि तो कोणत्याही रकान्यात लिहिता येत नाही.

आठवड्यातले दोन दिवस भाजीच नको, असेही ठरवा. २०० ग्रॅम मटकीला मोड आणले की पाच माणसांची उसळ होते. रात्री भिजवून सकाळी कापडात बांधण्याचे काम बाबा करतील. दुसऱ्या दिवशी पिठले-भात, सोबत लसणाची चटणी. ज्या संध्याकाळी तुमच्या अंगात काही उरलेले नसेल, त्या संध्याकाळसाठी हे पिठले राखून ठेवा. एक वाटी डाळीचे पीठ तीन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचे आणि कांदा-मिरचीच्या फोडणीवर ओतायचे. भाताच्या कुकरचे झाकण उघडेपर्यंत ते तयार होते आणि ६४० रुपये घरात राहतात.

आता ते चार फ्लॉवर. चौघांनाही आधी कोमट मिठाच्या पाण्यात हळद घालून दहा मिनिटे बुडवा, म्हणजे अळ्या असल्यास वर येतील. पहिल्याचा बटाटा आणि मटार घालून गोडा मसाल्याचा रस्सा आजच करा. दुसऱ्याचे अगदी लहान तुरे काढून कापडावर पूर्ण कोरडे होऊ द्या आणि मीठ, हळद, लोणच्याचा मसाला, लिंबाचा रस व गार केलेली फोडणी घालून ताजे लोणचे कालवा. फ्रीजमध्ये ते आठवडाभर छान लागते आणि डब्यालाही होते. तिसरा किसून, आले-मिरची घालून त्याचे पराठे करा, मुलगा फ्लॉवर ओळखणारसुद्धा नाही. तिन्हींची कोवळी पाने आणि देठ टाकू नका. ते बारीक चिरून, भिजवलेली मूगडाळ घालून परतले की उद्या सकाळची डब्याची भाजी झाली. चौथा फ्लॉवर शेजारच्या घरी द्या, पण तो तुम्ही नेऊ नका. बाबांच्या हाती पाठवा आणि परत येताना शनिवारी त्यांना काय हवे आहे, ते विचारून यायला सांगा.