सोयाबीन निघाल्यावर एका एकरात रब्बीचे कोणते पीक घ्यावे?

आपली एक एकर मध्यम काळी जमीन आहे, सोयाबीन नुकतेच निघाले आहे, विहीर जानेवारीअखेरपर्यंत पुरते आणि ऑक्टोबर संपत आलेला असताना गहू, कांदा की हरभरा, असा आपला प्रश्न आहे. मी मराठवाड्यात अशाच जमिनीत रब्बी करतो. माझ्या मते आपण हरभराच घ्यावा.

याचे कारण पाणी हे आहे. गव्हाला साधारण 18 ते 21 दिवसांच्या अंतराने पाच-सहा पाळ्या द्याव्या लागतात आणि त्याचा दाणा भरतो फेब्रुवारीत, म्हणजे नेमका आपली विहीर आटल्यावर. रब्बी कांद्याची लागण तर डिसेंबर-जानेवारीत होते, त्यामुळे भाव आज कितीही मोहात पाडणारा असला तरी ते पीक आपल्या पाण्यात बसत नाही. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी 15 ऑक्टोबरपर्यंत व्हायला हवी होती. बागायती हरभरा मात्र 10 नोव्हेंबरपर्यंत पेरता येतो, आणि त्याला 30-35 व 60-65 दिवसांनी अशी दोनच पाणी मिळाली तरी भागते. आठवडाभरात पेरल्यास दुसरे पाणी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच देऊन होईल. विहिरीत पाणी दिसते म्हणून तिसरे, चौथे देत राहू नये, कारण अति पाण्याने हरभरा खराब होतो आणि घाटे, म्हणजे शेंगा, कमी लागतात.

वाण म्हणून विजय घ्यावा; तो मर रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि त्याचे एकरी 26 ते 28 किलो बियाणे पुरते, तर दिग्विजयसारख्या टपोऱ्या वाणाला सुमारे 40 किलो लागते. पेरणी 30 बाय 10 सेंटिमीटरवर करावी. बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळल्याशिवाय पेरूच नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण मर लागलेले झाड नंतर कोणत्याही औषधाने वाचत नाही.

खरी राखण घाटेअळीपासून करावी लागते. सुरुवातीला कोवळ्या पानांवर पांढरट चट्टे दिसतात, कारण बारीक अळ्या पानांतील हिरवा भाग खरवडून खातात. पुढे हीच अळी घाट्याला गोल छिद्र पाडून डोके आत खुपसते आणि अर्धे अंग बाहेर ठेवून दाणे फस्त करते. चट्टे दिसतात तेव्हाच लक्ष द्यावे, घाटे पोखरले गेल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली की तिच्या ताटांवर पक्षी बसतात आणि अळ्या वेचतात. फुले लागताच 5 टक्के निंबोळी अर्काची पहिली फवारणी करावी.

दावणीला जनावर असेल, तर विहिरीजवळचे दोन-तीन गुंठे आफ्रिकन टॉल मक्यासाठी ठेवावेत. हा चारा साधारण 60 ते 70 दिवसांत कापणीला येतो, म्हणजे पाणी असेपर्यंतच हाती लागतो.