भूत जोलोकिया मिरची लवंगीपेक्षा खरंच तिखट असते का आणि ओळखायची कशी?

लवंगीशी तुलनाच नको. 2007 मध्ये गिनीजने जगातली सर्वात तिखट मिरची म्हणून भूत जोलोकियाची नोंद केली तेव्हा आकडा होता 10,01,304 स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). पुढे हिच्याहून तिखट कॅरोलिना रीपर आली, 2023 ला पेपर एक्स आली, त्या मुद्दाम संकर करून काढलेल्या. ही मात्र आसाम, नागालँड, मणिपूरच्या परसातली आहे आणि रोजच्या जेवणातली आहे, लोक नेमकं हेच विसरतात.

मी नोकरीनिमित्त आसामात जोरहाटला राहिलेय. आमच्या घरमालकीणबाई एक अख्खी मिरची न चिरता उकळत्या डाळीत सोडायच्या, थोड्या वेळाने देठाला धरून बाहेर, तेवढ्यात घरभर पिकल्या फळासारखा गोडसर वास. सुट्टीला साताऱ्याला येताना थोड्या आणल्या तर आमचे दाजी म्हणाले, "आपल्या लवंगीपुढे ही काय, बिया काढल्या की संपलं," आणि बिया झटकून अर्धी मिरची ठेच्यात घातली. पहिल्या घासाला काहीच नाही, दाजी हसतायत, मी म्हणतेय दाजी थांबा जरा, आणि मग जे चढलं ते पाण्याचे तांबे रिकामे करूनही उतरेना, शेवटी ताईने दही पुढे केलं तेव्हा कुठे बोलायला लागले. तेव्हापासून त्यांचं एकच, हिला चव नाही नुसती आग.

साफ चूक. तिखट बियांत नसतंच, ते बिया जिथे चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत असतं आणि हिच्यात तर सालीच्या आतल्या बाजूलाही असतं, मग बिया झटकून काय होणार? आणि अर्धी मिरची वाटून घातल्यावर वास कळणार कसा!

ओळखायची म्हणाल तर दोन-तीन इंचांची, टोकाला निमुळती, साल पातळ, खडबडीत, चुरगळल्यासारखी, पिकली की बहुतेक लालभडक. गुळगुळीत चकचकीत लांब मिरची या नावाने कोणी देत असेल तर घेऊ नका. नागालँडची नागा मिरचा (2008 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे तिला) आणि मणिपूरची उमोरोक त्याच कुळातल्या.

हो, चिरायचीच असेल तर हातमोजे घाला, डोळ्याला हात नको, आणि अल्सर किंवा अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर नादी लागू नका. तिखटपणा ज्याने येतो ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दूध-दही जवळ ठेवा. पण पहिल्यांदा अख्खीच डाळीत सोडून बघा, फुटायच्या आत काढा, आणि मग सांगा चव आहे की नाही, दाजींना दाखवायचंय मला.