पार्किन्सन्समध्ये मेंदूत नक्की काय बिघडतं, आणि कवटी न उघडता ते कळतं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांचा उजवा हात थरथरतो, चाल मंदावलीय, न्यूरोलॉजिस्टनी दहा मिनिटं तपासून पार्किन्सन्स सांगितला, एमआरआय मात्र नॉर्मल आलाय, मग मेंदूत बिघाड आहे हे कशावरून? आणि जिवंत माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे शास्त्रज्ञ मुळात शोधतात तरी कसं? शिवाय कोणीतरी खाजकुयलीचं चूर्ण सुचवलंय, ते द्यायचं का.

मी डॉक्टर नाही. नर्सिंगच्या मुलामुलींना फिजिऑलॉजी शिकवते आणि घरी सासऱ्यांना हाच आजार बरीच वर्षं आहे, त्यामुळे पुस्तकातलं आणि घरातलं दोन्ही थोडं थोडं सांगू शकते. उत्तर लांबणारे, चहा घेऊन बसा.

आधी एमआरआयचं. तो नॉर्मल येणंच अपेक्षित होतं. पार्किन्सन्स "दिसावा" म्हणून तो काढतच नाहीत, गाठ नाही ना, बारीक बारीक स्ट्रोक होऊन गेले नाहीत ना, मेंदूत पाणी साठलं नाही ना, हे बघायला काढतात. पार्किन्सन्समध्ये जे मरतं ते एवढंसं असतं की नेहमीच्या एमआरआयच्या चित्रात ते सहसा समजत नाही. माणसाच्या मेंदूत साधारण 8600 कोटी न्यूरॉन आहेत, त्यातले मध्यमेंदूतले जेमतेम काही लाख डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन बनवतात, आणि त्या जागेला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. मेंदू कापला की तिथे खरोखर काळपट पट्टा दिसतो, कारण त्या पेशींमध्ये मेलॅनिनसारखा रंग साठत जातो. पार्किन्सन्सच्या पेशंटमध्ये तो पट्टा फिका पडलेला असतो, हे 1919 साली पॅरिसमध्ये कॉन्स्टंटिन ट्रेटियाकॉफ नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात दाखवलं. पण हे दिसतं माणूस गेल्यावर.

आता या काही लाख पेशींवर एवढं काय अडलंय? हात उचलायची ताकद स्नायूंत असते, उचलायचा विचार वरच्या मेंदूत असतो, पण "हं, आता कर" ही परवानगी खोलवरच्या बेसल गँग्लिया नावाच्या भागातून येते आणि तिथे डोपामिन लागतं. एसटीत ड्रायव्हर बसलाय, डिझेल भरलंय, रस्ता मोकळा आहे आणि कंडक्टर डबल बेलच देत नाहीये, तसं काहीसं. म्हणून हा लकवा नाही. सासरे दारात येऊन अडकतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि पुढे फरशीवर एक आडवी पट्टी दिसली की ती ओलांडून सरळ चालू लागतात! बघणाऱ्याला वाटतं नाटक करतायत. नाटक नाही ते, डोळ्यांना खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या रस्त्याने हालचाल सुरू करतो, फिजिओवाले जमिनीवर टेपच्या पट्ट्या लावायला सांगतात ते याचसाठी.

दहा मिनिटांत कसं कळलं, तर आधी आठवून बघा त्या दहा मिनिटांत डॉक्टरांनी काय काय करून घेतलं. अंगठा आणि तर्जनी भराभर आपटायला लावली असेल, त्यात पहिली पाच-सात वेळा ठीक आणि मग उघडझाप लहान लहान होत जाते. मनगट फिरवून बघितलं असेल, ते सरळ न फिरता दातेरी चाकासारखं अडकत अडकत फिरतं. चालताना एक हात हलत नाही. हात मांडीवर निवांत ठेवला की थरथरतो आणि कप उचलायला गेला की थरथर कमी होते. आमच्याकडे तर डॉक्टरांनी हाताकडे बघायच्या आधी विचारलं की वास येतो का, बद्धकोष्ठ आहे का, झोपेत ओरडतात-लाथा मारतात का, अक्षर बारीक झालंय का. सगळं होतं! फोडणीचा वास येत नव्हता आणि बँकेत सही जुळत नव्हती. यातलं वास, पोट आणि झोप यांचं बरंचसं थरथर सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतं. 2003 मध्ये हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृत मेंदू तपासून मांडलं की बिघाड सुरू होतो वासाच्या भागात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला, पोटाकडे जाणारी नस निघते तिथे, आणि मग वर सरकत काळ्या पट्ट्यापर्यंत येतो. सगळे पेशंट या नकाशात बसत नाहीत, पण वास आणि पोट आधी का बिघडतं याचं उत्तर त्यातून मिळतं.

नुसतं बघून निदान करायची पद्धत फार जुनी आहे. जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये लंडनमध्ये या आजारावर जे लिहिलं त्यात पेशंट फक्त सहा, आणि त्यातले काही तर नुसते रस्त्यात दिसलेले. तरी वर्णन आजही ओळखू येतं.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग, शोधतात कसं. माझं मत विचाराल तर मशीनपेक्षा बिघाडांनी जास्त शिकवलंय, आणि तेसुद्धा आडवाटेने. ही गोष्ट आपल्या मुंबईतूनही जाते म्हणून जरा सविस्तर सांगते.

सर्पगंधा ही आपल्याकडची वनस्पती, तिचं मूळ वेडावर आणि झोपेसाठी जुन्या काळापासून देत आलेत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती ब्लडप्रेशरवर वापरून 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेपर लिहिला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं (1957 मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, आपल्याकडे किती जणांना माहितीये कोण जाणे). 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या लोकांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. गोळ्या जगभर खपल्या, आणि मग लक्षात आलं की काही पेशंट उदास होतायत आणि काही चक्क पार्किन्सन्ससारखे ताठरतायत. गोळी बंद केली की बरे.

स्वीडनमध्ये आर्विड कार्लसनने 1957 मध्ये हेच रेसर्पिन सशांना दिलं. ससे निपचित, कान पडलेले, हलेनात. मग त्याने त्यांना एल-डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून फिरायला लागले. एल-डोपा म्हणजे डोपामिनचा कच्चा माल. तोपर्यंत डोपामिनला स्वतःचं काही काम आहे असं फारसं कोणी मानत नव्हतं, नॉरअॅड्रेनॅलिन हे दुसरं रसायन बनतानाची मधली पायरी एवढीच त्याची ओळख. कार्लसनला 2000 साली नोबेल मिळालं.

पण ससा म्हणजे माणूस नाही. व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविझने मृत पेशंटचे मेंदू मिळवले, डोपामिन मोजायला त्यात रसायन घातलं की नॉर्मल मेंदूच्या नमुन्याला गुलाबी झाक यायची आणि पार्किन्सन्सच्या नमुन्याला जवळजवळ काहीच नाही, म्हणजे कमतरता अक्षरशः नुसत्या डोळ्यांनी दिसली. हे 1960. लगेच 1961 मध्ये त्याने डॉ. बिर्कमायरला गळ घालून पेशंटना एल-डोपाचं इंजेक्शन द्यायला लावलं, आणि अंथरुणातून उठू न शकणारी माणसं उठून चालली, थोडा वेळच, पण चालली. 1967 मध्ये अमेरिकेत कोट्झियासने मोठ्या डोसात तोंडावाटे देऊन ते रोज वापरता येईल असं केलं. आज तुमच्या वडिलांना लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी दिली असेल तर ती याच साखळीतून आलीय. डोपामिन थेट का देत नाहीत, तर रक्तातून मेंदूत शिरायला जे फाटक आहे ते डोपामिनला आत सोडत नाही, एल-डोपाला सोडतं. आणि कार्बिडोपा कशाला, तर वाटेतच, मेंदूच्या बाहेर, एल-डोपाचं डोपामिन होऊन उलट्या-मळमळ होऊ नये म्हणून.

दुसरी आडवाट तर सिनेमात शोभेल अशी. 1982, कॅलिफोर्निया. हेरॉइनचं व्यसन असलेले काही तरुण दवाखान्यात येतात, पुतळ्यासारखे गोठलेले, बोलता येत नाही पण शुद्धीवर. सुरुवातीला मानसिक आजार वाटला. विल्यम लँगस्टन या न्यूरोलॉजिस्टला ती लक्षणं म्हाताऱ्या पार्किन्सन्स पेशंटची वाटली, एल-डोपा दिलं, हालचाल सुरू. शोध घेतल्यावर कळलं की चोरून बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं भेसळ-रसायन तयार झालं होतं, ते मेंदूत जाऊन बदलतं, डोपामिनच्या पेशी त्याला आपलंच समजून आत ओढतात आणि आतलं ऊर्जा बनवायचं यंत्र बंद पडून त्या मरतात. त्या तरुणांचं जन्माचं नुकसान झालं, पण संशोधकांच्या हातात पहिल्यांदा माकडांमध्ये हुबेहूब पार्किन्सन्स घडवायचं साधन आलं. (प्राण्यांवरचे असले प्रयोग मला वाचवत नाहीत, तरी घरात त्याचा फायदा घेतलाय हेही खरं.) अशा माकडांच्या मेंदूत सुईसारखे इलेक्ट्रोड घालून पेशींची टिकटिक ऐकली तेव्हा कळलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा वाटाण्याहूनही छोटा भाग गरजेपेक्षा जास्त ओरडतोय आणि हालचाल दाबतोय. 1990 मध्ये महलॉन डीलाँगच्या गटाने तो भाग निकामी केला आणि माकडं हलायला लागली.

तिकडे फ्रान्समध्ये ग्रेनोबलला बेनाबिद हा सर्जन 1987 मध्ये थरथर थांबवायला मेंदूतला एक छोटा भाग जाळायचं ऑपरेशन करत होता, जागा बरोबर आहे का बघायला थोडा करंट देत होता, आणि सेकंदाला शंभरच्या आसपास झटके दिले की थरथर थांबते असं त्याला दिसलं. जाळायचं कशाला, तार आत ठेवून करंटच चालू ठेवू, असा विचार, आणि त्यातून डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, आलं. नंतर तीच तार सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये घालायला लागले. मुंबई-पुण्यातही होतं हे ऑपरेशन. पेशंटला बऱ्याचदा जागं ठेवतात, कारण मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, आणि डॉक्टर हात हलवायला सांगून जागीच बघतात तार बरोबर बसली का.

यंत्रांनी काहीच केलं नाही असं नाही म्हणायचं मला. ट्रोडॅट किंवा एफ-डोपा नावाचे स्कॅन असतात, त्यात डोपामिनच्या पेशींच्या तंतूंची टोकं किती उरलीत ते दिसतं, नॉर्मल माणसात स्वल्पविरामाचा आकार आणि पार्किन्सन्समध्ये त्याचं शेपूट गळून नुसता टिंब. महाग असतात, आणि निदान स्पष्ट असेल तर डॉक्टर सहसा सांगत नाहीत. नाही सांगितलं म्हणून संशय घेऊ नका.

मग डॉक्टर चुकत नाहीत का? चुकतात, आणि तेही मोजलंय. लंडनच्या ब्रेन बँकेत जिवंतपणी पार्किन्सन्स ठरवलेल्या 100 जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, 1992 मध्ये निकाल आला, 76 जणांमध्ये खरोखर तोच आजार निघाला, बाकीच्यांत त्याच्यासारखे दिसणारे दुसरे. त्यावरून निदानाचे निकष घासूनपुसून घेतले गेले. म्हणून तर औषधाला प्रतिसाद कसा येतो हे डॉक्टर काही महिने बघतात, तोही तपासणीचाच भाग आहे. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूच्या आणि मानसिक आजारांच्या संस्थेत 1995 पासून ब्रेन बँक आहे, देहदानासारखं मेंदूदान करता येतं, आणि तिथलं मेंदूचं म्युझियम लोकांना बघता येतं. आमच्या विद्यार्थ्यांची ट्रिप गेली होती, हातमोजे घालून खरा मेंदू हातात दिल्यावर वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी गप्प झाली.

आणि कधीकधी नुसतं मोजून पण कळतं. मुंबईतल्या पारशी कॉलन्यांमध्ये घरोघर जाऊन सुमारे 14 हजार लोकांची पाहणी झाली होती, 1988 मध्ये छापून आली, लाखामागे 328 पेशंट निघाले. वस्तीत म्हातारी माणसं जास्त हे त्यातलं एक मोठं कारण. किंवा स्कॉटलंडच्या जॉय मिल्न बाई घ्या, नवऱ्याच्या अंगाचा वास बदलला हे त्यांना निदानाच्या बारा-एक वर्षं आधी जाणवलं होतं. एडिनबराच्या संशोधकांनी त्यांना पेशंटचे आणि निरोगी लोकांचे टी-शर्ट हुंगायला दिले, त्यांनी सगळे पेशंट ओळखले आणि वर एका निरोगी माणसालाही पेशंट म्हटलं. काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन्स निघाला! आता त्वचेच्या तेलातून तो वास पकडणारी चाचणी करायचा प्रयत्न चालू आहे.

पेशी मुळात का मरतात ते अजून पूर्ण सुटलेलं नाही. 1997 मध्ये दक्षिण इटलीतल्या एका गावाकडच्या घराण्यात अल्फा-सायन्युक्लिन नावाच्या प्रोटीनच्या जनुकात दोष सापडला, आणि त्याच वर्षी दिसलं की हेच प्रोटीन जवळजवळ सगळ्याच पेशंटच्या मेंदूत गुठळ्या करून बसलेलं असतं, दोष असो नसो. पॅराक्वाटसारख्या शेतीच्या विषारी फवारण्यांशी संबंधही अभ्यासांत दिसलाय. पण तुमच्या वडिलांना कशामुळे झालं हे बहुतेक कोणी सांगू शकणार नाही, आणि त्यांनी काही चुकीचं केलं म्हणून झालं असं तर अजिबात नाही.

राहिलं खाजकुयली. ते थोतांड नाही, तिच्या बियांत खरंखुरं एल-डोपा असतं, 1930 च्या दशकातच मद्रासमध्ये ते वेगळं काढलं होतं. पण नेमकं म्हणूनच स्वतःच्या मनाने देऊ नका, कारण गोळी चालू असेल तर डोस डोसावर चढतो, आणि चूर्णात प्रमाण किती ते डबीगणिक बदलतं. डोस जास्त झाला की बीपी पडतं, भास होतात, अंग वेडंवाकडं वळवळायला लागतं. द्यायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्टना सांगून, लपवून नाही. त्यापेक्षा एक वही करा, गोळी किती वाजता दिली, किती वाजता अंग मोकळं झालं, किती वाजता पुन्हा जड झालं, एवढंच लिहा. गोळी जेवणाच्या अर्धा-एक तास आधी द्या, कारण डाळ, पनीर, अंडं यातलं प्रोटीन आतड्यात आणि मेंदूच्या फाटकाशी एल-डोपाशी जागेसाठी भांडतं. मळमळ होत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट चालतं. आणि गोळी एकदम बंद कधीच करू नका, पोट बिघडलं म्हणूनसुद्धा नाही, आधी डॉक्टरांना फोन.

वही पुढच्या भेटीला घेऊन जा. आमचे डॉक्टर आधी तीच मागतात.